जातं, गिरणी आणि भाच्याची बिअर

धान्य मोडण्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत, कधी मोजली आहेत का? दळणे, भरडणे, कांडणे, सडणे, कुटणे, वाटणे, रगडणे... ज्वारी दळतात, तूर भरडतात, मिरची कांडतात, तांदूळ सडतात, चटणी वाटतात. "तूर दळून आण" असं म्हटलं तर घरी पीठ येईल, डाळ नाही! प्रत्येक शब्दामागे वेगळं साधन आहे, हाताचा वेगळा जोर आहे आणि शेवटी सुपात पडणारा वेगळा माल आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो अमेरिकेत मिशिगनला असतो आणि गेली दोन-तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी घरी बिअर बनवतो. तिकडे तो रीतसर छंद आहे. मागच्या महिन्यात त्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं, "आत्या, धान्य मोडायला गिरणी घ्यायची आहे. बाजारात दहा प्रकार आहेत. त्यापेक्षा गावी आजीचं जातं पडून आहे ना, तेच आणलं तर?"

झालं! अण्णांनी लगेच लिहिलं, "आईच्या जात्यावर दारूचं धान्य? विषय बंद." वहिनींनी हात जोडलेली दोन चित्रं टाकली. पुतण्या-भाच्यांनी हसून घेतलं. मी त्या दिवशी काही बोलले नाही. एकोणतीस वर्षं नांदेडला शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे दोन ओळींत निकाल द्यायची सवय नाही. प्रश्न दोन आहेत. बिअरच्या धान्याला कोणती गिरणी लागते, हा पहिला. आणि आपल्या जात्याचा, आपल्या जोंधळ्याचा आणि दारूचा संबंध काय, हा दुसरा. अण्णांनाही वाचता यावं म्हणून दोन्हींबद्दल इथे सविस्तर लिहिते.

आधी पहिला प्रश्न. बिअर मुख्यतः सातूची, म्हणजे बार्लीची. सातू भिजवून मोड आणतात, मोड थोडे वाढले की वाळवून-भाजून वाढ थांबवतात. याला माल्ट म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो, तीच क्रिया. मोड येताना दाण्यात पाचक द्रव्यं तयार होतात आणि ती दाण्यातल्या पिठाची साखर करू लागतात. म्हणून मोडाचं सत्त्व गोडसर लागतं. बिअरवाले हे माल्ट मोडतात, साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, पिठाची साखर होऊ देतात आणि ते गोड पाणी गाळून घेतात. पुढे त्यात हॉप्सची कडू फुलं उकळतात, निववून यीस्ट घालतात आणि ते आंबतं.

सगळी मेख त्या गाळण्यात आहे. सातूच्या दाण्याला भातासारखी साल चिकटलेली असते. ही साल शाबूत राहिली तर तिचाच थर भांड्याच्या तळाशी बसतो आणि गाळणीचं काम करतो. दाणा फार बारीक दळला तर पिठाचा चिखल होतो, पाणी खाली उतरतच नाही. शिवाय सालीचा चुरा झाला तर तुरटपणा उतरतो. उलट दाणा अख्खाच राहिला तर आतलं पीठ पाण्याला भेटत नाही आणि माल्ट वाया जातं. म्हणजे हवं काय? साल अखंड, पण आतल्या गाभ्याचे चार-सहा तुकडे. भाच्याने मला हे फोनवर दहा मिनिटं समजावलं. मी म्हटलं, "अरे, याला आपण भरडणं म्हणतो!"

धान्य मोडायच्या यंत्रांच्या मुळात तीनच जाती आहेत. पहिली दोन दगडांमध्ये किंवा दोन खडबडीत तबकड्यांमध्ये घासून मोडणारी. आपलं जातं यातलं, गावच्या गिरणीचे दगडही यातलेच. दुसरी जात आपटून फोडणारी. आताच्या बहुतेक घरघंट्या अशाच असतात. आत पाती गरगर फिरतात, दाण्यावर आपटतात आणि जाळीतून जाईल एवढं बारीक झालं की पीठ खाली पडतं. मिक्सर हा तिचाच धाकटा भाऊ. तिसरी जात म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन लोखंडी रूळ. दाणा त्यांच्या फटीतून जाताना दाबला जातो, घासला जात नाही. ही रुळांची गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्टच्या पीठ कारखान्यांत पक्की झाली आणि तिथून जगभर गेली. आपल्याकडच्या मैद्याच्या मोठ्या गिरण्या याच जातीच्या.

आता जात्याकडे येते. आपल्याकडे आधी पाटा होता, त्यावर दगड पुढे-मागे फिरवून धान्य वाटत. गोल फिरणारं जातं त्या मानाने उशिरा आलं. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केलं. भारतातल्या अशा फिरत्या जात्यांकडे अभ्यासकांचं लक्ष त्यांनीच वेधलं. सातवाहनांच्या काळाच्या आसपास दख्खनमध्ये ही जाती रुळली, असं सर्वसाधारण मत आहे. म्हणजे आमच्या जवळचं तेर जेव्हा 'तगर' नावाने रोमपर्यंत माल पाठवत होतं, तो काळ. विचार करा, तेव्हापासून माझ्या लहानपणापर्यंत या यंत्रात फारसा फरक पडला नव्हता!

आमचं गाव औसा तालुक्यातलं. तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता, लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. आईचं जातं माजघराच्या कोपऱ्यात होतं. खालची तळी जमिनीत बसवलेली, तिच्या मधोमध खीळ. वरच्या पाळीला तोंड, तोंडात आडवी माकणी आणि कडेला लाकडी खुंटा. तोंडात मूठमूठ धान्य टाकायचं, त्याला वैरण घालणं म्हणतात. जनावराची वैरण आणि जात्याची वैरण, शब्द एकच. वैरण जास्त पडली की भरड निघते, कमी पडली की दगडावर दगड घासतो आणि भाकरीत कच येते. मूठ किती सैल सोडायची, हे हाताला कळायला वर्ष लागायचं.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. डाळ करायची असली की आई वरची पाळी उचलायला लावायची आणि खिळीवर चिंधीचं छोटं कडं बसवायची. त्याने वरचा दगड किंचित उचलला जाई. तूर आधी भिजवून, वाळवून, तेलाचा हात लावून ठेवलेली असे. अशा उचललेल्या जात्यातून ती गेली की टरफल सुटून दाण्याचे दोन भाग पडत. जोंधळ्याच्या कण्या करायच्या असल्या की चिंधी पातळ. भाकरीचं पीठ हवं असलं की चिंधी काढून टाकायची. अमेरिकेतले बिअरवाले दोन रुळांमधली फट एका मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, ती मोजायला पातळ पट्ट्या विकत घेतात आणि त्यावर तासन्‌तास वाद घालतात. आईचं फट मोजायचं साधन म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधी होती.

कोकणात भात भरडायला वेगळंच लाकडी घिरट असे. लातूर आज डाळ गिरण्यांसाठी ओळखलं जातं. तिथेही तूर भिजवणं, तेल लावणं, वाळवणं आणि खरखरीत रुळांतून टरफल काढणं, असाच क्रम आहे. भाच्याने हवं तर लातूरच्या एखाद्या डाळ गिरणीत एक दिवस उभं राहावं. त्याच्या निम्म्या शंका तिथेच फिटतील.

जात्याबद्दल लिहिताना आपण फार हळवे होतो. जात्यावरच्या ओव्या, पहाटेचा गार वारा, जनाबाईबरोबर दळायला बसलेला विठ्ठल... जनाबाई तर आमच्याच गोदाकाठची, गंगाखेडची. तिचं मोल मला ठाऊक आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि आता त्यातल्या कितीतरी ओव्या ऐकायलाही मिळतात. हे काम झालं नसतं तर बायकांच्या मनातलं केवढं तरी कायमचं गेलं असतं.

पण जनाबाईच्या कथेचा अर्थ मी वर्गात नेहमी असा सांगत असे. दासीच्या मदतीला माणूस येत नव्हता, म्हणून देवाला यावं लागलं. पाच-सहा माणसांच्या भाकरीचं पीठ काढायला पहाटे चारला उठून दीड-दोन तास ओढावं लागे. बाळंतपणाचे दिवस सोडले तर त्याला सुट्टी नाही. आईच्या उजव्या तळव्याला घट्टा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. गांधीजींनी आश्रमात जात्यावर दळायचा आग्रह धरला. १९३४ मध्ये निघालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याहून हातपिठाचा प्रचार केला. पीठ सकस असतं हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ज्यांनी जन्मभर ओढलं, त्या बायकांना विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मला आईकडे बघून ठाऊक आहे.

आमच्या गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हा मी चौथीत होते. डिझेलचं इंजिन, लांब पट्टा, आणि छपराबाहेर काढलेल्या नळकांड्यातून येणारा पुकपुक आवाज. तो आवाज शिवारापर्यंत जायचा आणि बायका म्हणायच्या, "चालू झाली गं गिरन!" आईने पहिल्या दिवशी पायलीभर जवारी पाठवली आणि पीठ हातात घेऊन म्हणाली, "गरम लागतंय, करपलंय." गिरणीचं पीठ तापतं ही तक्रार खोटी नव्हती. पण आठ दिवसांत ती तक्रार बंद झाली. पहाटे घरात जात्याची घरघर नाही, याची सवय आम्हालाच व्हायला वेळ लागला.

इतिहास म्हणून दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. एक, दळण-कांडण हे गरीब विधवेच्या पोटाचं साधन होतं. "आईने दळण-कांडण करून शिकवलं" हे वाक्य आपण कितीतरी मोठ्या माणसांच्या चरित्रांत वाचतो. गिरणीने आईची पहाट सोडवली, तशी आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांची मिळकतही बुडवली. जात्याला टाकी लावणाऱ्यांची फेरीही हळूहळू थांबली. दुसरी गोष्ट, गिरणीवर सगळ्यांचं दळण एका रांगेत नव्हतं. आमच्या गावात दलित वस्तीतल्या बायकांचे डबे शेवटी लागायचे, आधी आल्या तरी. यंत्र नवं आलं म्हणून गाव नवं होत नाही.

आता धान्याकडे. १९७२ चा दुष्काळ ज्यांना आठवतो त्यांना 'मिलो' हा शब्द सांगायला नको. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, ती मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका ती गिरणीवर आणायच्या. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून आणायच्या. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, बी.ए. होऊन घरी बसले होते. मिलोला आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि सगळ्यांनी खाल्ली.

गंमत बघा. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात. आणि आता त्याच ज्वारीची बिअर अमेरिकेत मिळते, कारण काही लोकांना गहू-सातूतलं ग्लुटेन सोसत नाही. २००६ मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीने अशी बिअर बाजारात आणली. भाच्यालाही पुढे हेच करून पाहायचं आहे.

ज्वारीची बिअर म्हणजे काही अमेरिकेचा शोध नाही. आफ्रिकेत ती शेकडो वर्षांची आहे. बुर्किना फासोत तिला दोलो म्हणतात, घानात पितो, दक्षिण आफ्रिकेत उम्कोम्बोथी. बहुतेक ठिकाणी ती बायका करतात आणि विकतात, तेच त्यांचं उत्पन्न. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं. त्यांच्यापुढेही गिरणीचा प्रश्न आलाच. मळलेल्या ज्वारीला सातूसारखी चिकट साल नसते, म्हणून तिचा गाळणीचा थर बसत नाही. शिवाय तिचं पीठ फुलायला सातूपेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून ती बारीक करून आधी शिजवून घेतात आणि गाळायची वेगळी सोय करतात. म्हणजे सातूला भरड आणि ज्वारीला पीठ! धान्य बदललं की गिरणी बदलते.

भाच्यासाठी एक सूचना इथेच लिहून ठेवते. कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते आणि ते दगावतं, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. ते विष मोडातही उतरतं. त्यामुळे ज्वारीचं माल्ट करायचं तर वाळल्यावर मोड आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढून टाकायच्या.

आता अण्णांचा मुद्दा. धान्याची दारू ही परकी, पापाची गोष्ट आणि आपलं जातं पवित्र, असं त्यांचं म्हणणं. लग्नात जात्याला हळकुंड-सुपारी बांधतो, त्याला कुंकू लावतो, हे खरं. पण इतिहास जरा वेगळं सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर आख्खं प्रकरण आहे. त्यात तांदळापासून करायच्या 'मेदक' नावाच्या मद्याचं प्रमाण दिलेलं आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण्यासाठीचं विरजण, आणि त्यात वाटलेले उडीद असत. हे काम बायका-मुलांकडून करवून घ्यावं, असंही तिथे म्हटलं आहे. इतकंच नाही, सणासमारंभाला कुटुंबांनी घरी पांढरी सुरा करायला मोकळीक आहे. म्हणजे घरची बिअर आणि तिच्यावर सरकारची नजर, दोन्ही जुनंच. वाटणारे हातही तेच, बायकांचे.

आमच्या मराठवाड्यात निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं. शिंदी आणि मोहाच्या दारूचा लिलाव व्हायचा, त्याला गुत्ता म्हणत. आजही आपण रस्त्याच्या ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतो! अबकारी हे निजाम सरकारचं मोठं उत्पन्न होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मागोमाग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आपल्याकडे आला. नाव बदलून तो आजही आहे. त्या कायद्याने परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि त्यात बिअरही आली. अमेरिकेतही १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी घरची बिअर कायद्याबाहेरच राहिली होती. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली, तेव्हा केंद्राची अडचण दूर झाली. शेवटच्या दोन राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली. तेव्हा भाचा तिथे करतो ते कायदेशीर आहे. इथे गावी येऊन केलं तर नाही. एवढं त्याने लक्षात ठेवावं.

मग मला दारूचं काही वाटत नाही का? वाटतं. शिक्षिकेला वर्गात सगळं दिसतं. सहावीतली चांगली चालणारी मुलगी अचानक यायची बंद होते. घरी जाऊन विचारावं तर बाप ओट्यावर पडलेला आणि आई दुसऱ्याच्या शेतात. अशी घरं मी बोटांवर मोजता येणार नाहीत इतकी पाहिली. पण त्या घरांत जी प्यायली जायची ती जोंधळ्याची नव्हती. ती गूळ आणि नवसागराची हातभट्टी होती, नाहीतर दुकानातली देशी. आणि ती बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या बायकांना मतदानाला उभं राहावं लागलं.

माझा खरा राग वेगळ्या ठिकाणी आहे. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यायचं धोरण आणलं. पावसाने काळी पडलेली ज्वारी कुणी घेत नाही, शेतकऱ्याला भाव मिळेल, हे कारण सांगितलं गेलं. कारण अगदीच खोटं नव्हतं. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी भिजते आणि काळी पडते, हे मी पाहिलेलं आहे. पण त्यासाठी सरकारी पैशातून कारखान्यांना अनुदान द्यायचं होतं. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी विरोध केला, तो मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. शेतकऱ्याने मात्र आपला निकाल वेगळाच लावला. आमच्या लातूरकडे खरिपाची ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. आता भाकरीची ज्वारी विकत घ्यायची तर गव्हापेक्षा महाग पडते, आणि कडबाही मिळत नाही.

दुसरा प्रसंग २०१६ चा. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. माझी बहीण तेव्हा लातुरात होती. घरात आठवड्याचं पाणी पिंपात मोजून ठेवलेलं असे. आणि त्याच मराठवाड्यात औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बिअरचे मोठे कारखाने चालू होते. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कमी करायचा आदेश दिला. न्यायालयाला सांगावं लागलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून अण्णा, माझं म्हणणं असं आहे. पाप दाण्यात नाही आणि दगडातही नाही. कुणाच्या वाटणीचं धान्य, कुणाच्या वाटणीचं पाणी आणि कुणाचे कष्ट त्यात गेले, हे बघायचं असतं. आपला पोरगा स्वतःच्या कमाईचं चार-पाच किलो धान्य स्वतःच्या हाताने भरडतो, महिनाभर वाट पाहतो आणि चार मित्रांना एकेक ग्लास देतो. मी स्वतः घोटभरही घेणार नाही. पण त्याला पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट आपल्या घराण्यातला धान्य मोडायला बसलेला तो पहिला पुरुष आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का? आपल्या घरात एकाही पुरुषाने कधी खुंट्याला हात लावला नव्हता.

आता गिरणीचा निकाल. बाळा, जातं आणू नकोस. कारण पवित्रतेचं नाही, कामाचं आहे. एक म्हणजे ते वजनाने अवजड आहे. दुसरं, दगड चाळीस-पन्नास वर्षं बंद आहे. टाकी लावल्याशिवाय ते धान्य नीट धरणार नाही, आणि टाकी लावल्यावर पहिले काही दिवस कच येतेच. तिसरं आणि महत्त्वाचं, घासून मोडणारा दगड सातूची साल फाडतो. चिंधी घालून ती फट आईला साधायची, पण ते तिचे हात होते. घरघंटी किंवा मिक्सर तर नकोच, पाती साल आणि गाभा सगळ्याचं पीठ करतात. तिकडे कोलंबियात बनलेली 'कोरोना' नावाची हाताने फिरवायची चक्की मिळते (त्या साथीशी तिचा काही संबंध नाही!). ती खरं तर मक्यासाठी आहे. स्वस्त आहे, पण जातीने जात्याचीच बहीण आहे, तबकड्या सैल ठेवून जपून वापरावी लागते. नेहमी करणार असशील तर दोन रुळांची घे. फट कमी-जास्त करता येते की नाही, ते आधी बघ, कारण सगळ्या वर्षांचे सातूचे दाणे सारखे नसतात. मूठभर माल्ट घालून बघ. साल रिकामी पण अखंड दिसली आणि गाभ्याचे तुकडे पडले की समज, जमलं. ज्वारी करशील तेव्हा मात्र तिच्यासाठी चक्कीच वापर आणि बारीक दळ.

आणि आईचं जातं? अण्णांची हरकत नसेल तर मी ते नांदेडला आणणार आहे. माझ्या ओळखीचा एक टाकी लावणारा अजून आहे, वय झालंय, पण हात चालतो. या दिवाळीला भाजणीसाठी नाही, तूर भरडण्यासाठी ते मांडायचं आहे. नातींनी निदान एकदा तरी वैरण घालून बघावी आणि हात किती दुखतो तेही बघावं.

एक विनंती. माकणी, खीळ, तळी, पाळी, वैरण हे शब्द आमच्या औशाकडचे. तुमच्या गावात जात्याच्या भागांना काय म्हणत, आणि डाळ भरडताना वरचा दगड उचलायला चिंधीच घालत की आणखी काही, ते कळवा. मी वहीत उतरवून ठेवते आहे.